रिकाम्या कप्प्याची किंमत

पहिला डीएसएलआर घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर बहुतेक वेळा एक बॅगही फुकट आलेली असते. काळी, खोक्यासारखी, पुढच्या बाजूला कंपनीचं नाव प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आत कॅमेरा, त्याला लावलेली १८-५५, चार्जर आणि एखादं मेमरी कार्ड मावतं, आणि पहिलं वर्ष ही बॅग निमूटपणे काम करते. मग ५५-२५० येते. मग कुणीतरी सांगतं, पोर्ट्रेट काढायचे तर ५० एमएम घेच, म्हणून तीही येते. वाढदिवसाला मामा फ्लॅश देतो. ट्रायपॉड मित्राचा असतो, पण मुक्कामाला तुमच्याकडे. आणि एक दिवस त्या फुकटच्या बॅगेची चेन काही केल्या लागत नाही.

मग तुम्ही मोबाइल काढून बॅगा शोधायला बसता आणि पुढचा आठवडा त्यातच जातो. हजार-दीड हजारापासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत बॅगा आहेत. प्रत्येकीला पंधरा खिसे आहेत, प्रत्येक खिशाचा एक व्हिडिओ आहे. व्हिडिओतला माणूस गाडीच्या डिकीतून बॅग काढतो, बर्फात उभा राहतो, छान दिसतो. तुम्हाला मात्र तीच बॅग घेऊन डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये चढायचं असतं, किंवा स्वारगेटच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून आधी रुमाल आणि मग बॅग आत टाकायची असते. त्या व्हिडिओत या प्रसंगावर काही नसतं.

या शोधात जवळजवळ सगळे एकाच प्रश्नापासून सुरुवात करतात: माझ्याकडचं सगळं सामान कुठल्या बॅगेत बसेल? त्याच्या पाठोपाठ दुसरा: पुढच्या वर्षी आणखी लेन्स घेतली तर तीही बसेल ना? आमचं म्हणणं सरळ आहे. हे दोन्ही प्रश्न बॅगेला विचारायचेच नाहीत. तुमच्याकडे आहे ते सगळं ठेवायची जागा म्हणजे घरातलं कपाट. बॅग आहे ती आज बाहेर नेणार आहात तेवढ्यासाठी. या दोन कामांची गल्लत झाली की माणूस मोठी बॅग घेतो, ती भरतो, आणि दोन महिन्यांनी कॅमेरा घरी ठेवून मोबाइलवर फोटो काढायला लागतो. कारण ती बॅग उचलायचा कंटाळा येतो. कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबात आजूबाजूला बघा, असे दोन-तीन जण सापडतीलच.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. कॅननची १५०० डी बॅटरी-कार्डासकट ४७५ ग्रॅमची आहे. १८-५५ साधारण २०० ग्रॅम, ५५-२५० एसटीएम ३७५, ५० एमएम एफ १.८ एसटीएम १६०. सगळं मिळून सव्वा किलोसुद्धा होत नाही. एका पाण्याच्या बाटलीहून जरा जास्त, बस. आता यासाठी 'भविष्याचा विचार करून' मोठी बॅकपॅक घ्या. ती रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते. तिला लॅपटॉपचा कप्पा असतो, म्हणून लॅपटॉप आणि त्याचा चार्जर जातो: आणखी दोन किलो. बाजूला ट्रायपॉडचा पट्टा असतो, म्हणून ट्रायपॉड लटकतो: दीड किलो. पाणी एक लिटर, डबा, छत्री. आठ किलोच्या वर गेलात, आणि त्यात कॅमेरा-लेन्सचा वाटा सव्वाच किलोचा. म्हणजे पाठ दुखते ती फोटोग्राफीमुळे नाही, बॅगेमुळे दुखते.

विमानप्रवासाचा प्रसंग आला तर हाच हिशेब काउंटरवर पुन्हा मांडावा लागतो. आपल्याकडे देशांतर्गत विमानांत इकॉनॉमीच्या केबिन बॅगेला बहुधा ७ किलोची मर्यादा असते. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत, त्या केबिनमध्ये सोबतच ठेवाव्या लागतात. दोन किलोची रिकामी बॅग म्हणजे त्या सातातले दोन गेलेच.

रिकाम्या कप्प्याचं आणखी एक दुखणं आहे, त्याबद्दल दुकानदार बोलत नाही. रिकामा कप्पा रिकामा राहत नाही. वेल्क्रोच्या पार्टिशनमध्ये एक लेन्सभर जागा मोकळी दिसत राहिली की ती भरायची इच्छा होते. मग ईएमआयचा विचार सुरू होतो, मग 'सेलमध्ये होती' हे कारण तयार होतं. ज्यांच्या घरी महिन्याचं गणित काटेकोर असतं, त्यांच्यासाठी ही गंमत नाही. एका चांगल्या मोठ्या बॅगेच्या किमतीत सेकंडहँड ५० एमएम येऊ शकते. एखाद्या साध्या बॅगेचे आणि त्या मोठ्या बॅगेचे पैसे यांतल्या फरकात भिगवणला जाऊन-येऊन दोनदा पहाटेची होडी करता येते. यातलं काय हवं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवताना बॅगेला या रांगेत उभं करा. ती फुकट येत नाही.

कॅमेऱ्याच्या बॅगा मुळात कुठून आल्या हे बघण्यासारखं आहे. बिलिंगहॅम ही ब्रिटिश कंपनी १९७०च्या दशकात मासे पकडायला जाणाऱ्यांसाठी पिशव्या शिवायची. फोटोग्राफर मंडळींनी त्या पिशव्या कॅमेऱ्यासाठी वापरायला सुरुवात केली आणि मग कंपनी त्या धंद्यात आली. त्याच दशकात अमेरिकेत जिम डॉमके हे 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या दैनिकात फोटोग्राफर होते. बाजारात मिळणाऱ्या कडक खोक्यांना वैतागून त्यांनी स्वतःला हवी तशी कॅनव्हासची मऊ बॅग बनवून घेतली. अंगाला चिकटून राहणारी, पॅडिंग जेमतेम, वर झाकण, हात घातला की लेन्स हाताला लागावी अशी. ती आजही विकली जाते. दोन्हीकडे कामाला लागणारी पिशवी आधी होती, 'कॅमेरा बॅग' हे नाव तिला नंतर मिळालं.

आपल्याकडचं उदाहरण होमाई व्यारावाला यांचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण. स्वातंत्र्याच्या आगेमागे दिल्लीत त्या साडी नेसून सायकलवरून कामाला जायच्या, आणि तेव्हाचा स्पीड ग्राफिक कॅमेरा म्हणजे आजच्या तीन-चार कॅमेऱ्यांएवढं ओझं. त्यांनी आज काय न्यायचं आणि काय नाही, हा निर्णय रोज घेतला असणार. तो निर्णय आजही तुमच्या बॅगेत असायला हवा, खिशांच्या संख्येत नाही.

तर मग घ्यायची कुठली? आधी तुम्ही महिन्यातून चार वेळा काय करता ते बघा. वर्षातून एकदा करता ते नाही.

कॉलेज, कॉलेजातून फोटो काढायला, तिथून घरी, असा दिनक्रम असेल तर आमचं मत ऐका: कॅमेऱ्याची बॅग घेऊच नका. एक इन्सर्ट घ्या. इन्सर्ट म्हणजे पॅडिंगचा चौकोनी डबा, आत वेल्क्रोची पार्टिशनं, वरती चेन किंवा दोरी. तो तुमच्या रोजच्या सॅकमध्ये खाली बसतो, वर वह्या-डबा राहतो. बॅगेपेक्षा बराच स्वस्त पडतो. सॅक फाटली तर सॅक बदलायची, इन्सर्ट तोच. शिवाय तुमची सॅक वर्गातल्या कुणाच्याही सॅकसारखी दिसते. कंपनीचं नाव मिरवणारी बॅग चोराला बाकी काही सांगायची गरज ठेवत नाही. इन्सर्ट घेण्याआधी सॅकच्या आतली रुंदी आणि खोली टेपने मोजून घ्या, एवढंच. आणि सॅकच्या तळाला बाहेरून जाड कापड आहे ना ते बघा. नसेल तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून एक जादा थर शिवून घ्या.

गर्दीत काम असेल तर गोष्ट वेगळी. आषाढात दिवे घाटात वारीचे फोटो काढायला कॉलेजांचे जथेच्या जथे जातात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसांच्या मधोमध तुम्ही पाठीवर फुगलेली बॅग घेऊन वळता, तेव्हा ती मागच्या आजींच्या डोक्यावरच्या तुळशीवृंदावनाला लागते. तुम्हाला कळतसुद्धा नाही, कारण ती तुमच्या पाठीमागे असते. विसर्जनाच्या मिरवणुकीत, लोकलच्या दारात हेच. बॅगेचा आकार हा फक्त तुमच्या खांद्याचा प्रश्न नाही, आणि बॅग निवडताना याचा विचार करणारे फार कमी भेटतात. अशा ठिकाणी लहान शोल्डर बॅग किंवा स्लिंग, तीही पोटाशी ओढून घेतलेली, एवढंच योग्य. एक कॅमेरा, एक लावलेली लेन्स, एक आत. चिखलात बॅग खाली ठेवावी लागत नाही, उभ्या उभ्या लेन्स बदलता येते. मात्र एका खांद्यावर तीन किलोच्या वर गेलात तर संध्याकाळी मान बोलायला लागते.

ट्रेकवाल्यांनी कॅमेरा बॅकपॅकच्या नादाला लागू नये असं आम्हाला वाटतं. हरिश्चंद्रगडाला जायचं तर आधी पाणी, खाणं, कोरडे कपडे लागतात, आणि कॅमेऱ्याच्या बॅगांत त्यांना जागा नसते. चांगली ट्रेकिंग सॅक, कंबरपट्ट्यासकट, आणि आत इन्सर्ट. कंबरपट्टा शोभेचा नसतो. तो नीट आवळला तर वजनाचा मोठा वाटा खांद्यावरून कमरेवर येतो. आणि कॅमेरा सॅकच्या तळाशी गेला तर तो गडावर पोचेपर्यंत निघणार नाही, म्हणून चढताना छातीशी एक छोटी टॉप-लोडर बॅग अडकवणारे शहाणे. फक्त उतारावर, जिथे पायाखालचं दिसायला हवं, तिथे ती पाठीकडे फिरवा.

आता लग्नांची कामं करणारे. तुमच्यातले बरेच जण सीझनमध्ये एखाद्या सीनिअर फोटोग्राफरबरोबर सेकंड शूटर म्हणून जातात आणि फीचे पैसे काढतात. इथे मात्र मोठी, कडक, पार्टिशनवाली बॅग लागतेच. दोन बॉडी, दोन फ्लॅश, सेलचे सेट, ट्रिगर, चार्जर. पण कार्यालयात ती बॅग कुठे असते? स्टेजच्या बाजूला, खुर्चीखाली, कुणाच्या तरी भरवशावर. तुम्ही सप्तपदीत गुंतलेले असता आणि बॅगेकडे बघणारं कुणी नसतं. म्हणून मागच्या बाजूने, म्हणजे पाठीला टेकते त्या बाजूने उघडणारी बॅग बरी. पाठीवर असताना ती कुणाला उघडता येत नाही आणि खाली ठेवली तरी पट्टे चिखलात जात नाहीत. बॅगेचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकवून ठेवा. शूट केलेली कार्डं बॅगेत ठेवू नका, अंगावर ठेवा, चेन असलेल्या खिशात. कॅमेरा पुन्हा घेता येईल, पण त्या मुलीचं लग्न पुन्हा लागणार नाही. कॅमेरा-लेन्सचे सिरीअल नंबर आणि बिलांचे फोटो स्वतःला मेल करून ठेवा. पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच विचारतात.

चाकांच्या बॅगेबद्दल एकच वाक्य: आपले फुटपाथ बघा आणि विषय सोडा.

पावसाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण बॅगेच्या जाहिरातीत सगळ्यात जास्त फसवणूक याच शब्दात आहे. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे वॉटरप्रूफ नाही. कापड पाणी थोपवतं, पण चेन आणि शिवणी थोपवत नाहीत. बरोबर येणारं रेनकव्हर बॅगेची पुढची बाजू झाकतं. पाठीची बाजू उघडीच राहते. पाऊस मानेवरून पाठीवर उतरतो आणि पाठीवरून बॅगेत झिरपतो. लोणावळ्याच्या पावसात दोन तास चाललेल्या कुणालाही विचारा. उपाय अगदी साधा आहे: बॅगेच्या आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, कॅमेरा तिच्यात, तोंड पिळून बंद. बाहेरून काहीही होवो. आणखी एक, एसी बसमधून कोकणात उतरलात की लगेच कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर दमट हवा लागली की धुकं धरतं. बॅग बंदच ठेवा, अर्धा तास जाऊ द्या, आतलं सामान हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतं. बॅगेच्या पॅडिंगचा हा उपयोग कुठल्या डब्यावर छापलेला नसतो.

आणि जे पॅडिंग प्रवासात वाचवतं, तेच घरी लेन्स खातं. जुलैत मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बॅगेतला फोम ती धरून ठेवतो. आत अंधार, उबदारपणा, ओल, हवा हलत नाही. बुरशीला आणखी काय हवं? लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागतात, आणि उशीर झाला तर ती काचेवरचं कोटिंग खाऊन टाकते. मग साफ करूनही डाग राहतो. म्हणून पावसाळ्यात बॅगेत सामान ठेवून बॅग कपाटावर टाकणं हा सगळ्यात महागडा आळस आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा आणा, आत सिलिका जेल आणि दोन-चारशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. तो ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला की निवांत. जेल रंग बदलणारी घ्या, ओली झालेली लगेच दिसते. तापवून कोरडी केली की पुन्हा चालते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला घरचे देतील, तो प्रेमाने ऐकून सोडून द्या, तांदळाची पूड नको तिथे शिरते. डांबराच्या गोळ्या तर नकोच. हा डबा म्हणजे तुमचं कपाट. सामान वाढतंय, म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी इथे करा. बॅग लहान ठेवायची मुभा हा डबाच देतो.

दुकानात जाल तेव्हा स्वतःचं सामान घेऊन जा. मुंबईत सीएसएमटीजवळ बोरा बाजारच्या गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे बॅगा हाताळून बघता येतात. तुमच्या शहरातही असं एखादं दुकान असेलच. ऑनलाइन स्वस्त मिळते म्हणून फोटो बघून मागवू नका, बॅग अंगावर घालून बघायची वस्तू आहे. सामान भरा, पाठीवर घ्या, मग लोकलमध्ये घेता तशी छातीवर घ्या. खाली बसा, उठा. एका हाताने लेन्स काढून बघा. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथली शिवण बघा: चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिवण हवी. नुसती एक सरळ रेघ असेल तर ती बॅग पहिली तिथेच जाणार. चेन दहा वेळा उघडझाप करा, कोपऱ्यावर अडते का बघा. झाकणाला वेल्क्रो असेल तर ते ओढून आवाज ऐका. एकांकिका स्पर्धेत ब्लॅकआउट झालाय, सभागृह श्वास रोखून बसलंय आणि तुमच्या बॅगेचं वेल्क्रो खर्रकन फाटतंय, अशी कल्पना करा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे.

सेकंडहँड बॅग घेत असाल तर आत हात फिरवा. जुन्या बॅगांचं आतलं कोटिंग आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतं, पापुद्रे निघतात, आणि ते पापुद्रे थेट लेन्सवर बसतात. हाताला चिकटलं तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. वासही घ्या. कुबट वास येणाऱ्या बॅगेत कुणाची तरी बुरशी आधीच राहायला आलेली असते.

आणि घेतलेली बॅग सांभाळायची म्हणजे फार काही नाही. पावसाळा संपला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की एक रविवार काढा. पार्टिशनं सोडवा, बॅग उलटी करून गच्चीत झटका आणि कोपऱ्यांतून व्हॅक्यूम किंवा साधा रंगाचा कोरडा ब्रश फिरवा. अलिबागची वाळू निघेल, विसर्जनाचा गुलाल निघेल, आणि हे कण लेन्सच्या काचेवर जाण्यापेक्षा गच्चीत पडलेले बरे. पार्टिशनं परत लावताना मात्र सवयीने जुन्याच जागी लावू नका. गेल्या सहा महिन्यांत कुठली लेन्स किती वेळा बाहेर आली ते आठवा, आणि जी एकदाही आली नाही, तिचा कप्पा काढून टाका.